वांग्यातले झिंगे

तुळशीरामांच्या हातातली ओली पिशवी अंजनाबाईंनी उंबरठ्याबाहेरच अडवली.

“काय हाय त्यात?”

“झिंगे. ताजे दिसले, घेतले.” तुळशीराम चपला काढता काढता म्हणाले. “आपण दोघं दुपारी खाऊन घेऊ. पोट्टे तर संध्याकाळी येऊन राहिले.”

“आजच काहून आणले जी तुमी?”

तुळशीरामांनी मान खाली घातली. रेल्वेतून निवृत्त झालेला साधा माणूस. दोन वर्षं घरात झिंगा आला नव्हता, बाजारात मन आवरलं नाही. ते तसेच मागे वळले आणि पिशवी शेजारच्या दयारामकडे देऊन आले. तोवर अंजनाबाईंनी उंबरठ्यावर सांडलेलं पाणी साबणानं घासून काढलं आणि ते फडकंही फेकून दिलं.

एके काळी या घरातून भाजक्या झिंग्यांचा वास सुटला की अख्खा पारा, आसपासची सगळी वस्ती, ओळखायचा. सुके झिंगे कोरड्या तव्यावर भाजायचे, चोळून डोकी-पाय पाखडून टाकायचे, लसूण-मिरचीबरोबर पाट्यावर वाटायचे आणि वांग्याच्या रश्श्यात सोडायचे. अंजनाबाईंचं माहेर भंडाऱ्याकडचं, तळ्याकाठचं. घरात भाजी नसली की मूठभर झिंग्यांवर सगळी भावंडं भाकर खायची.

म्हणून मुलाची, यशदीपची, नवी बायको पहिल्याच आठवड्यात, “मम्मी, झिंगा मुझे सूट नहीं होता, खुजली हो जाती है,” असं म्हणाली, तेव्हा ते त्यांच्या मनाला लागलं. सोनियाचे वडील भिलाईला मोठ्या हुद्द्यावर; पोरगी शिकलेली, मराठी समजायची पण बोलायची हिंदीतच. आपलं खाणं हिला हलकं वाटतं, अशी अंजनाबाईंनी मनाशी गाठ मारली. बाकी सगळं सोनिया मुकाट्यानं खायची, सगळ्यांच्या मागून, स्वयंपाकघरात एकटी. ‘आधी बस’ असं तिला कधी कुणी म्हटलं नाही.

मग आखाडातल्या एका रविवारी अंजनाबाईंनी थोडेसेच झिंगे भाजले आणि पिठासारखे बारीक वाटून वांग्यात मिसळले. नखरे आहेत नुसते, थोडं पोटात गेलं की सवय होईल. दोन दिवसांनी सांगू, ‘पाहा, काही झालं का?’ आणि हसू. त्या दिवशी त्यांनी सोनियाला सगळ्यांच्या पंगतीत बसवलं, स्वतः वाढलं. “आणखी घे,” म्हटलं, तर तिनं ताट पुढं केलं.

हात धुवायला उठलेली सोनिया नळापाशीच खाली बसली. ओठ सुजले, घसा बसला, श्वास घेताना छातीतून शिटी वाजायला लागली. यशदीपनं तिला उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, काय खाल्लं? यशदीप सांगत होता, वांगं, फक्त वांगं. तेव्हा अंजनाबाईंना तोंड उघडावं लागलं.

सोनिया वाचली. कुणी भांडलं नाही. भांडलं असतं तर बरं झालं असतं. महिन्याभरात दोघं शहरातच समता कॉलनीत भाड्यानं राहायला गेली. सणावाराला येत, चहा घेत, निघून जात. जेवायला थांबली नाहीत. अंजनाबाईंनी पाटा देऊन टाकला.

आता यशदीपची चक्रधरपूरला बदली झाली होती. आजच निघायचं होतं. आणि सोनियानंच सकाळी फोन केला होता, “मम्मी, हम खाना खाके जाएंगे.”

दिवेलागणीला दोघं आली. बाप-लेक बाहेरच्या खोलीत जेवले. सोनिया ताट घेऊन आत आली, तशा अंजनाबाई ओट्यापासून बाजूला झाल्या.

“सगळी भांडी नवी हायेत. सदर बाजारातून आणली. तेलाची पिशवीही आजच फोडली. तू आपल्या हातानं वाढून घे.”

“आप नहीं देंगी?”

“माह्या हाताचा काय भरवसा, बाई.”

सोनिया तिथंच पाटावर बसली. रिकामं ताट तिनं मांडीवर धरलं. मग हळूच म्हणाली, “उस दिन मुझे पता चल गया था, मम्मी. पहले कौर में ही. झिंगे की महक छुपती है क्या?”

अंजनाबाईंना आधी कळेचना.

“मंग थुंकलं काहून नाही? काहून खाल्लं तू?”

“आप पहली बार परोस रही थीं. सबके साथ बैठाया था.” सोनिया ताटाकडे बघत होती. “सोचा, थोडी खुजली होगी, सह लूंगी. मना करती तो आप फिर कभी…”

पुढचं तिनं सोडून दिलं.

दोन वर्षं अंजनाबाई एकच गोष्ट उगाळत आल्या होत्या: पोरीला काही ठाऊक नव्हतं, आपण तिला फसवलं. आता तेवढाही आधार राहिला नाही. तिला ठाऊक होतं. ती घास गिळत होती आणि आपल्या तोंडाकडे बघत होती. आणि दुसऱ्यांदा ताट पुढं आलं तेव्हा आपण मनात म्हणालो होतो, जिंकलो.

त्यांनी पळी उचलली. वरण भातावर थोडं, काठावर थोडं पडलं. दोडक्याची भाजी वाढली. मग त्या समोर खाली बसल्या. सोनियानं भात कालवला, पहिला घास घेतला. अंजनाबाईंची नजर तिच्या ओठांवरून हलेना.

“मीठ बरोबर हाय?”

“हव,” सोनिया सासूच्याच बोलीत म्हणाली.

बाहेर हॉर्न वाजला. यशदीपनं हाक मारली, “सोनिया, चलो, टॅक्सी आ गई. ट्रेन छूट जाएगी.”

ताटात अर्ध्याहून जास्त भात होता. सोनिया उठायला लागली. अंजनाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि दाराकडे तोंड करून ओरडल्या, “थांबव त्याले! माही पोट्टी जेवून राहिली.”

थोड्या वेळानं हॉर्न पुन्हा वाजला, आणि सोनिया भराभर घास घेऊ लागली.