लाल घागऱ्यातले जावईबापू

आपण काम केलेला सिनेमा पडावा म्हणून नवस बोलणारा माणूस नाशकात सहसा सापडायचा नाही. धनराज उगले मात्र मंगळवारी सकाळी नवश्या गणपतीला गेला, नारळ फोडला आणि हात जोडून म्हणाला, "देवा, पिक्चर पडू दे. आणि पाडायचाच असेल तर पहिल्या दिवशीच पाड, उगाच रेंगाळत ठेवू नकोस." शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याने घाईघाईने प्रदक्षिणा घातली आणि चपला शोधायला लागला.

सिनेमाचं नाव होतं 'डूबी दौलत'. समुद्राच्या तळाशी बुडालेलं जहाज, जहाजात सोन्याची पेटी, आणि पेटीच्या मागे लागलेले हिरो-हिरोईन. निर्मात्याने पाण्यासारखा पैसा ओतला होता म्हणे. शहरातला एक खांब त्याच्या पोस्टरवाचून राहिला नव्हता. धनराज तरणतलावावर पोरांना पोहायला शिकवायचा. सकाळ-संध्याकाळ क्लोरीनचा वास अंगावर घेऊन घरी जायचं, एवढीच त्याची ऐट. पण गेल्या वर्षी मुंबईहून पाणबुड्यांच्या कंत्राटदाराचा फोन आला. स्पर्धांच्या दिवसांपासूनची ओळख. हिरोईनच्या जागी पाण्यात उतरणाऱ्या मुलीचा कान फुटला होता, सेट उभा होता, आणि दम धरून खाली राहील असं शेलाट्या अंगाचं दुसरं कुणी मिळत नव्हतं. "पाण्याखाली कोण कुणाला ओळखतंय रे?" कंत्राटदार म्हणाला.

धनराज गेला. मिशी काढली, पायांवरचे केस काढले. कमरेपर्यंतचा केसांचा टोप डोक्यावर चढला आणि खाली घेरदार लाल घागरा. पहिल्या दिवशी आरशात पाहून तो स्वतःच लाजला.

एवढं करून गप्प परत आला असता तर प्रश्न नव्हता. पण त्याच महिन्यात दिंडोरीकडच्या नाथाभाऊ पिंगळ्यांच्या मोहिनीला बघायला जायचं ठरलं. मध्यस्थी धनराजच्या बहिणीचा नवरा, किशोरदाजी. दाजींचा स्वभाव असा की राईचा पर्वत करून ते थांबत नसत, त्या पर्वतावर देऊळही बांधत. नाथाभाऊंनी विचारलं, "पाव्हण्यांनी मिशी का काढली?" दाजी म्हणाले, "अहो, हिरोला मिशी नाय ना! आमचे धनराज म्हंजे हिरोचे डुप्लिकेट. पिक्चर चालला की दुसरा भाग, मग काय, पोरगं मुंबईचंच!" धनराजने खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पोह्यांची बशी समोर आली. बशीमागे मोहिनी होती. उघडलेलं तोंड त्याने पोह्यांच्या कामी लावलं.

तिथेच गाडं अडलं. साखरपुडा झाला, लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं निघालं, आणि नाथाभाऊंनी तोवर सगळ्या भावकीत सांगून टाकलं की आपला जावई पिक्चरमध्ये आहे. ही भावकी साधी नव्हती. त्यांच्यातला एकजण लहानपणी बैलाला घाबरून झाडावर जाऊन बसला होता. आज त्याला नातवंडं आहेत, तरी गाव त्याला वानरच म्हणतं. घागऱ्यातला जावई एकदा का यांच्या दृष्टीस पडला, तर धनराजचं काय नाव पडेल आणि नाथाभाऊ कोणत्या तोंडाने मांडवात उभे राहतील, या विचाराने त्याची झोप उडाली होती. लग्न मोडलं असतं तरी त्याने कुणाला दोष दिला नसता. पण त्याला ते मोडायला नको होतं. मोहिनी त्याला मनापासून आवडली होती.

पिक्चर लागला त्या दिवशी नाथाभाऊंचा फोन आला. "जावईबापू, रविवारी दुपारचा शो. समदी भावकी येतीय. तुमी आमच्यासंगं बसायचं, म्हंजे कुठं कुठं तुमी हाय ते दाखवाल."

"मामा, बागेची कामं सोडून कशाला?" धनराज म्हणाला.

"कामं काय, मेल्यावर बी संपत नाय. तुमी येताय."

रविवारी नेमकं धुकं पडलं. द्राक्षाच्या दिवसांत धुकं पडलं की बागेवर डावणीचा रोग येतो, आणि डावणी आली की पाव्हणेरावळे बघत बसता येत नाही. सगळी भावकी उजाडायच्या आधीपासून फवारणीला भिडली. दुपारी मंडळी टेम्पोतून उतरली तेव्हा अंघोळी झालेल्या, कपडे परीटघडीचे, आणि तरी अंगाला औषधाचा वास. डोळे सगळ्यांचे तांबारलेले. नाथाभाऊंच्या विधवा बहीण, वत्सलाआत्या, घरात त्यांचाच शब्द चालायचा. त्यांनी शेंगदाण्याचे लाडू पदराखाली लपवून आत नेले. दारावरच्या पोऱ्याने पिशवी तपासली, पदर तपासायची त्याची काय टाप.

धनराजच्या डावीकडे नाथाभाऊ, उजवीकडे आत्या. मोहिनी त्याच ओळीत पार टोकाला, चुलत बहिणींमध्ये. अंधार झाला आणि धनराजने खुर्चीचे दांडे घट्ट धरले.

पिक्चर सुरू झाला, पण पुढे सरकेना. हिरोईन लंडनची, तिच्या आजोबांनी मरताना नकाशा दिलेला. त्या नकाशावर ती एका बंगल्यात बोलली, मग विमानात बोलली, मग होडीत बसून पुन्हा तेच बोलली. हिरो प्रत्येक वेळी चष्मा काढून लांब बघत होता. एवढा वेळ बघून त्याला काय दिसत होतं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

"पानी कवा येतंय?" आत्यांनी विचारलं.

"येईल, आत्या."

"आमच्या कॅनॉलला बी असंच सांगत्यात."

शेवटी पाणी आलं, आणि आलं ते जाईना. निळं पाणी, निळे मासे, निळा उजेड. खलनायक पाण्याखाली, त्याची माणसं पाण्याखाली, आणि सगळे इतक्या सावकाश मारामारी करत होते की ठोसा निघाल्यापासून लागेपर्यंत माणसाने तंबाखू मळून घ्यावी. कुठून तरी घोरण्याचा आवाज आला. मध्यंतरात मंडळींनी चहा घेतला. पिक्चरबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जावयासमोर काय बोलणार? "थंडगार हाय पण आत," एवढं एकजण म्हणाला.

मध्यंतरानंतर अर्ध्या बुडालेल्या मंदिराच्या पायऱ्या आल्या. त्या पायऱ्या धनराजने ओळखल्या. पाठमोरी हिरोईन पायरीवर बसली. लाल घागरा पाण्यावर पसरला. तिने ओंजळभर पाणी घेतलं, कपाळाला लावलं, मग एका कानाच्या पाळीला, मग दुसऱ्या, आणि पाण्यात शिरली.

धनराजने डोळे मिटून घेतले. शूटिंगच्या वेळी हे आपल्या हातून होतंय, हे त्याला कळलंसुद्धा नव्हतं. त्याला पोहायला शिकवणाऱ्या भिकातात्यांची शिकवण होती ती. तात्यांनी त्याला पाठीला वाळका भोपळा बांधून गंगेत ढकललं होतं. गोदावरीला ते गंगाच म्हणत. तिला पाय लागणार, म्हणून आधी पाणी कपाळाला लावायचं. आणि मग कानाला, म्हणजे तिने 'आता बस, वर जा' म्हटलं तर ऐकू येईल. तात्यांचा एकही शागीर्द याशिवाय पाण्यात उतरत नसे. आणि आता लंडनची हिरोईन पडदाभर तेच करून बसली होती.

पुढचं त्याला पाहायचं नव्हतं, पण डोळे उघडलेच. तळाशी जहाजातल्या पेटीच्या कडीत घागरा अडकला. ती पाय झाडायला लागली, हात वेडेवाकडे फिरायला लागले, तोंडातून बुडबुड्यांचा लोंढा निघाला. दिग्दर्शकाने हे पिक्चरमध्ये ठेवलं असेल असं धनराजला वाटलं नव्हतं. ते नाटक नव्हतं. त्या दिवशी घागरा खरोखरच अडकला होता. सुरी घेऊन पाणबुडे पोचेपर्यंत धनराजला भिकातात्या आठवले होते, आई आठवली होती, आणि मग काहीच आठवेनासं झालं होतं. हे त्याने घरीही सांगितलं नव्हतं.

"काय ओव्हरॲक्टिंग करतीय," पुढच्या रांगेतला कुणीतरी जांभई देत म्हणाला.

मग धनराजने हळूच डावीकडे पाहिलं. नाथाभाऊंची मान खांद्यावर कलली होती, तोंड उघडं, मांडीवर मोबाईल, आणि मोबाईलवर उद्याच्या हवामानाचा ढग. उजवीकडे आत्या अर्धा लाडू हातात धरून गाढ झोपल्या होत्या. त्यांच्यापलीकडे अंधारात दिसेल तिथवर पिंगळ्यांची रांग वादळात बाग आडवी व्हावी तशी पडली होती. पहाटेची फवारणी, मऊ खुर्ची आणि एसीची गार हवा. नवश्या गणपतीने पिक्चर पाडला होता आणि वर भावकीही पाडली होती. धनराजला इतकं हायसं वाटलं की त्याने आत्यांच्या हातातला लाडू अलगद काढून खाऊन टाकला.

दिवे लागले तशी मंडळी दचकून उठली. ज्याने त्याने डोळे चोळले आणि ज्याला त्याला एकदम आठवलं की आपण जावयाचा पिक्चर बघायला आलो होतो. मग बाहेर पार्किंगमध्ये जे कौतुक सुरू झालं ते विचारू नका.

"पाव्हणं, ती उडी! लय भारी उडी," एक चुलते म्हणाले.

"अन् त्या माशासंगं कुस्ती," दुसरे म्हणाले. पिक्चरमध्ये माशाशी कुस्ती नव्हती.

"मी तर लगेच वळखलं तुमाला," आत्या म्हणाल्या. "चालीवरून." मग त्या पदरात लाडू शोधायला लागल्या.

नाथाभाऊंनी जावयाचा दंड धरून त्याला टेम्पोमागे नेलं. धनराजचा जीव पुन्हा टांगणीला लागला. "एक बोलू का? राग धरू नका," नाथाभाऊ म्हणाले. "लोकं बाहेर पडताना शिव्या घालीत व्हते. पिक्चर काय चालायचा नाय हा. तुमची मेहनत वाया गेली, त्याचं वाईट वाटतं. पण खरं सांगू, मला बरं वाटलं. लोकांत मिरवलं मी, पर पोर कुठं मुंबईला जाऊन पडती, ह्या काळजीनं मला झोप नव्हती."

"मला दुसऱ्या भागात काम करायचंच नाहीये, मामा," धनराज म्हणाला. बऱ्याच दिवसांत त्याने बोललेलं पहिलं सरळ वाक्य होतं ते.

"मंग झालं तर." नाथाभाऊंनी आभाळाकडे पाहिलं. "चला रे, ढग हाय. पुन्यांदा फवारावं लागंल."

मंडळी टेम्पोत चढायला लागली. मोहिनी मागे रेंगाळली आणि त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. तिचे डोळे आता नुसते औषधाने तांबारलेले नव्हते, रडून लाल झालेले होते.

"साखरपुड्यानंतर तुम्ही घरी आला होतात, त्या दिवशी आमच्या शेततळ्यात पाईप अडकला होता. तुम्ही उतरून सोडवलात," ती हळू आवाजात म्हणाली. "उतरताना पाणी कपाळाला लावलंत, मग कानांना. मी बांधावर उभी होते."

धनराजचा चेहरा घागऱ्यापेक्षा लाल झाला. "मोहिनी, मी सांगणारच होतो. दाजींनी तेव्हा..."

"घागऱ्याचं राहू द्या. शेततळ्यात तुमचे पाय इतके शांत होते की पाणीसुद्धा हललं नाही. आणि आज ती पेटीची कडी आली तेव्हा तुम्ही लाथा झाडत होतात. ते खोटं नव्हतं ना?"

पार्किंगमध्ये गाड्या मागे-पुढे होत होत्या. दाजी असते तर त्यांनी इथे काहीतरी खुमासदार सांगितलं असतं. धनराजने मान हलवली. "नाही," तो म्हणाला. "खरंच अडकलो होतो."

"सगळे झोपले होते. पुढचा तो माणूस नावं ठेवत होता. मी एकटीच बघत होते." तिने ओढणीने नाक पुसलं. "तुम्ही खाली गेलात की मीपण दम धरत होते. तुम्ही वर येईपर्यंत सोडायचा नाही असं ठरवलं होतं. मला नाही जमलं. मधेच सुटला माझा, आणि तुम्ही अजून खालीच होतात."

टेम्पोतून आत्यांनी हाक मारली.

"पिक्चर पडला ना नक्की?" मोहिनीने विचारलं.

"पडला. पार तळाला गेला."

"बरं झालं," ती म्हणाली. मग तिने एक मोठा श्वास सोडला आणि टेम्पोकडे पळाली.