दुसऱ्या रांगेतली जागा

"तो टाय काढ. भत्ता मागायला चाललोय आपण, लग्नाला नाही," मेनाने बसमध्येच नवऱ्याला दटावलं.

"गायनवृंदाचा टाय आहे. राहू दे," इद्रिस प्यू म्हणाला, आणि एवढ्यानेच दमून खिडकीला टेकला.

आजारपणाचा सरकारी भत्ता मिळाला तर पदरात काय काय पडणार, याचा हिशेब मेनाने केव्हाच मांडून ठेवला होता. बसल्या बसल्या जिना चढवणारी खुर्ची. हिवाळ्यात दुसऱ्याही खोलीत ऊब. इद्रिसला अंघोळ घालायला आठवड्यातून दोनदा बाई, म्हणजे मेनाच्या कमरेला सुटी. बदल्यात इद्रिसने फक्त खोकायचं होतं, आणि ते तर तो कोळशाची खाण बंद पडल्यापासून फुकटच करत आला होता. तरी पहिला अर्ज फेटाळला गेला. आज अपिलाची सुनावणी. यानंतर पुन्हा दाद मागता येणार नव्हती.

सुनावणीच्या टेबलामागे तिघं बसली होती, त्यात एक डॉक्टर. मधल्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "दिवस कसा घालवता, मिस्टर प्यू?"

इद्रिस श्वास गोळा करत होता, तोवर मागून ग्विलिम उठला. मित्राच्या पाठीशी उभं राहायचं म्हणून तो वेल्समधल्या त्यांच्या दरीतून मुद्दाम सोबत आला होता, तोही गायनवृंदाचा लाल कोट चढवून.

"गातो, बाईसाहेब! दर गुरुवारी तालीम. आमच्या दरीत याच्यासारखा खर्ज कुणाचा नाही!"

"उभं राहून?" डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

"दोन-दोन तास!"

मेनाने डोळे मिटून घेतले. इद्रिसने टायची गाठ चाचपली. नुसतं 'हो' म्हटलं, की वृंदातली अब्रू शाबूत आणि जिन्याची खुर्ची गेली.

"नाही गात मी," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. नुसतं तोंड उघडतो, मिटतो. आवाज येतच नाही."

मागे वळून बघायचं त्याने टाळलं.

"मग जाता कशाला?" डॉक्टर म्हणाले. "जाणं बंद केलं असतंत, तर हा प्रश्नच आला नसता."

इद्रिस टेबलाला धरून उठला.

"छाती खाणीने नेली, डॉक्टरसाहेब. आता भत्त्यासाठी... पायही घरात बांधून ठेवू? दुसरी रांग, डावीकडून तिसरा. ती जागा माझी आहे. पैसे द्या, नाहीतर नका देऊ. गुरुवारी मी... तिथेच उभा असणार."

एवढं बोलायला त्याला इतका वेळ लागला, की अध्यक्षबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. तो त्याने घेतला नाही.

बाहेर व्हरांड्यात तो ग्विलिमला म्हणाला, "फसवलं रे तुम्हाला सगळ्यांना."

"फसवतोस कसला? तुझ्या शेजारी उभा असतो मी, बहिरा नाही. तुझ्या वाटचंही मीच ओढतोय, म्हणून तर शुक्रवारी माझा घसा बसलेला असतो."

"मग मघाशी कसली फुशारकी मारत होतास?"

ग्विलिमने मेनाकडे चोरून पाहिलं. "मला वाटलं, हिला ठाऊक नसेल."

"मला?" मेना उसळली. "न्हाणीघरात गळा काढणारा नवरा एकाएकी गप्प झाला, तर बायकोला कळत नाही होय रे गाढवा? तुझ्या जिभेपायी आज खुर्ची जात होती माझी!"

इद्रिसला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, आणि दोघांनी त्याला दोन बाजूंनी धरून बाकावर बसवलं.

भत्ता मंजूर झाला. पुढे खुर्ची आली, बाई आली. पहिल्या हप्त्यातून इद्रिसने स्वतःच्या हाताने एकच खरेदी केली.

गुरुवारी तो टाय बांधून चॅपलमध्ये तालमीला गेला. आता सगळ्यांनाच ठाऊक होतं. डावीकडून तिसरी जागा तेवढी मोकळी होती. तालीम घेणाऱ्याने हात उचलला. इद्रिसने खिशातली घशाच्या गोळ्यांची पुडी ग्विलिमच्या लाल कोटात सरकवली, छाती जमेल तेवढी पुढे काढली, आणि पहिल्याहूनही मोठं तोंड उघडलं.

दोघांचा खर्ज ग्विलिमने लावला.