विश्रांतीचा रकाना

सकाळी सात वाजता पिल्लांची वजने होत, आणि त्या वेळेला घरातील प्रत्येकाने मान देणे बंधनकारक होते. स्वयंपाकघरालगतच्या खोलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर, एक लाकडी खोका ठेवलेला होता. खोक्याला आतून चारी बाजूंनी, तळापासून चार बोटे उंचीवर दांडा ठोकलेला होता. दमलेली आई कूस बदलताना पिल्लू तिच्या पाठीमागे चिरडले जाऊ नये, एवढ्यासाठी. खोक्यात मिरी नावाची काळी लॅब्रेडोर कुत्री पसरली होती आणि तिच्या पोटाशी नऊ दिवसांची सात पिल्ले, डोळे अजून मिटलेली, एकमेकांना ढकलत दूध ओढत होती. प्रत्येकाच्या गळ्यात निराळ्या रंगाची लोकर. पांढऱ्या लोकरीचे पिल्लू सर्वांत अशक्त.

हे सारे सासूबाईंचे राज्य होते. तीस वर्षे त्यांनी घरात कुत्री वाढवली होती. माघारी लोक त्यांना ‘कुत्र्यांच्या आजी’ म्हणत. समोर म्हणण्याची कोणाची छाती नव्हती.

सून एकेक पिल्लू स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवी, आकडा सांगे, वहीत लिही. तिचे स्वतःचे तिसरे बाळ तीन महिन्यांचे होते. तीही मुलगी. आधीच्या दोघी मुली, आणि मध्ये एक जीव पोटातच गेलेला. डॉक्टरीणबाईंनी रक्त फार कमी आहे, तीन वर्षे तरी पुढचा विचार नको, असे बजावले, तेव्हा सून त्यांच्या टेबलावरच्या पेनाकडे पाहत होती. नवऱ्याने कागद घडी करून खिशात घातला आणि घरी आईला सांगितले. आई म्हणाली, “डॉक्टर सगळ्यांना तेच सांगतात.” विषय तेथे संपला.

त्या सकाळी वजनांआधी चहाच्या वेळी सासूबाई म्हणाल्या होत्या, “बाळाला तीन महिने झाले. आता लांबवू नका. माझे हातपाय चालतात तोवर नातू बघू दे.”

“हं,” मुलगा मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला.

“बरं,” सून म्हणाली, आणि कप विसळायला घेतले. तिला राग आला नाही, रडूही आले नाही. अलीकडे काहीच येत नसे.

पाचवे पिल्लू काट्यावर असताना कोपऱ्यावरचे बेकरीवाले दाराशी आले.

“आजी... म्हणजे बाईसाहेब, या वेळी माझा नंबर हुकला बघा. सगळी पिल्लं आधीच बोललेली. पुढच्या माजाला लगेच लावा की हिला. सहा महिन्यांचा तर प्रश्न.”

“ती काय तुमची भट्टी आहे? एक घाणा निघाला की दुसरा सरकवायला?”

“नाही हो, मी आपलं सहज...”

“सहज काही नसतं. अंगातलं होतं नव्हतं ते सगळं पिल्लांना देऊन बसते ती. भरून यायला वेळ लागतो.” त्यांनी वही ओढून बेकरीवाल्यांपुढे धरली. “हे नाव, ही तारीख, इतकी पिल्लं, आणि हा शेवटचा रकाना. काय लिहिलंय?”

“विश्रांती,” बेकरीवाल्यांनी वाचले.

“तो भरल्याशिवाय माझ्या दारात नर येत नाही. वर्षभर थांबा, नाहीतर दुसरीकडे जा.”

“थांबतो बाई.” बेकरीवाले हसले. “जन्म घ्यावा तर तुमच्याकडच्या कुत्रीचा.”

सासूबाईही हसल्या. सुनेने सहावे पिल्लू उचलले.

बेकरीवाले गेल्यावर रोजचा दुसरा भाग सुरू झाला. लोक फोनवर सल्ला विचारत. सासूबाई फोनला हात लावत नसत. सून प्रश्न टिपून घेई, सकाळी वाचून दाखवी आणि मिळालेली उत्तरे मग कळवी.

“वाच,” सासूबाई म्हणाल्या. पांढऱ्या लोकरीचे पिल्लू त्यांच्या तळहातावर होते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने त्या त्याच्या पोटाखाली हळूहळू पुसत होत्या. इतक्या लहान वयात त्याशिवाय पिल्लू शी-शू करून मोकळे होत नाही.

“एकाच्या पिल्लाचं अंग गार पडलंय, दूध ओढत नाही. चमच्यानं घालू का, विचारतोय.”

“मुळीच नाही. गार पोटात दूध पचत नाही. आधी ऊब, मग दूध. पुढे.”

“एकीच्या पिल्लांचे डोळे दहाव्या दिवशीही उघडले नाहीत.”

“चौदापर्यंत वाट बघ म्हणावं. आणि बोटं घालू नकोस म्हणावं. पुढे.”

त्याखाली पान कोरे होते. सून वाचल्यासारखी बोलत राहिली.

“चार वेळा झाली. मध्ये धड विसावा नाही. एकदा पोटातच गेलं. शेवटची खेप तीन महिन्यांपूर्वीची. अंगात रक्त नाही, केस गळतात, पुढ्यात ठेवलं तरी खात नाही. घरचे म्हणतात, लगेच पुन्हा.”

“कोण आहे हा मेला?” सासूबाईंचा हात थांबला. “सांग त्याला, कुत्री पाळायची तुझी लायकी नाही. घरात बाकीची माणसं आहेत की नाहीत? एकाच्याही डोळ्यांना दिसत नाही?”

“डॉक्टरांनी नको म्हटलंय.”

“नको म्हटलंय, तरीही? नंबर दे मला. मीच बोलते.”

“फोन आला नव्हता,” सून म्हणाली. पिल्लांचे आकडे ज्या आवाजात सांगे, त्याच आवाजात. “हे माझं आहे.”

खोक्यातून दूध ओढल्याचा चुटचुट आवाज येत होता.

“मला शिकवतेस?”

“नाही. विचारलं.”

हातातले काम अर्धे टाकणे सासूबाईंना ठाऊक नव्हते. पिल्लू मोकळे होईपर्यंत त्यांनी पुसले, ते आईच्या पोटाशी नेऊन लावले, साबणाने हात धुतले आणि बराच वेळ पुसत राहिल्या. त्यांची स्वतःची आठ वर्षांत सहा बाळंतपणे झाली होती. त्यांतली दोन मुले चालायलाही लागली नाहीत. त्या वर्षांतले त्यांना फारसे काही आठवत नसे. कोणी विचारले नव्हते, म्हणून त्यांनीही कोणाला विचारले नाही; आणि जे आपण निमूट सोसले तो घराचा नियमच असावा, अशा थाटात त्यांनी ते सुनेच्या अंगावर घातले होते.

“मोठा काटा आण,” त्यांनी मुलाला हाक मारली.

मिरीला तोलण्याचा काटा आला.

“चढ त्यावर.”

सून चढली. “एकेचाळीस,” मुलाने वाचले.

“लग्नात किती होतं?”

त्याला माहीत नव्हते. सासूबाईंनाही नव्हते. मिरीचे दर महिन्याचे वजन वहीत होते.

त्यांनी कोरे पान उघडले, पट्टी घेऊन रकाने आखले आणि सुनेचे नाव लिहिले. बाळंतपणांच्या तारखा तिलाच विचाराव्या लागल्या. शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिले: तीन वर्षे. त्यापुढे ती म्हणेल तसे.

“आई, पण सकाळी तूच म्हणालीस...”

“म्हणाले. चुकलं. आजपासून हिचं अंथरूण माझ्या खोलीत. नाती तिघी आहेत मला, त्यांचीही वजनं कर.”

मग त्यांनी पिल्लांसाठी भरलेली गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून सुनेच्या पाठीशी ठेवली आणि दूध तापायला टाकले. सुनेला आनंद झाला नाही. आनंदाला लागतो तेवढा जीव अंगात अजून आला नव्हता. पाठ गरम आहे, एवढे तिला कळले. आणि तिने प्याल्यातले दूध अर्धे संपवले.

त्या दिवसापासून पिल्लू मागायला येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई आधी एक प्रश्न विचारतात, आणि उत्तर न देणाऱ्याला परत पाठवतात. आठवड्याने बेकरीवाले पाव घेऊन आले, तेव्हा त्यांनाही तो चुकला नाही.

“घरी सून आहे ना तुमच्या? तिचं वजन किती?”

“आता ते मला कसं ठाऊक असणार, बाईसाहेब?”

“मिरीचं किती?”

“एकतीस किलो,” बेकरीवाले चटकन म्हणाले. मागच्या खेपेला त्यांनी ते विचारून घेतले होते.

मग ते पावाची पिशवी हातात धरून उभे राहिले.