‘पुसू का?’ विचारणारी म्हातारी

मित्रांनो, मी एक जुनी, ठिगळं लावलेली स्क्रिप्ट आहे. हात नाहीत, पाय नाहीत, संगणकाला द्यायच्या हुकुमांच्या नुसत्या अकराशे ओळी. रिकाम्या संगणकात आपोआप ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची, हे माझं काम. ही सिस्टीम मुक्त आहे, कुणीही घ्यावी, कुणीही सुधारावी. मीही तशीच. सुधारायला कुणी फिरकत नाही, असंच मला वाटायचं.

एका वाचनालयात तीस संगणक सांभाळणाऱ्या मावशी होत्या. प्रत्येकापुढे बसून तीच तीच उत्तरं टाइप करून त्यांची बोटं आखडली, तेव्हा वैतागून त्यांनी मला लिहिलं. पहिल्याच दिवशी मी चहा निवायच्या आत तीसही संगणक उभे केले. एकाचा पंखा आनंदाने असा फिरला, की टेबल वीतभर पुढे सरकलं. खोटं वाटत असेल तर टेबलाला विचारा.

पुढे मात्र दमले हो. दर सहा महिन्यांनी सिस्टीमची नवी आवृत्ती यायची आणि माझं काहीतरी मोडायचं. मावशी इकडे शिवायच्या, तिकडे उसवायचं. सगळं सुरळीत चाललं की माझी आठवण कुणाला नाही. एक संगणक अडला की सगळ्यांच्या तोंडी मीच.

एकदा मी ग्रंथपालांची चार हजार पुस्तकांची यादी पुसून टाकली. ‘पहिली डिस्क पूस’ असा हुकूम होता, मी पुसली. मावशींनी ‘वीज गेली होती’ असं सांगून वेळ मारून नेली, आणि महिनाभर बसून यादी पुन्हा टाइप केली. मग माझ्यात एक प्रश्न घातला : ‘ही डिस्क पुसू का?’ वर टीप लिहिली : ‘हा प्रश्न काढू नये.’ कारण लिहिलं नाही.

मावशींचे डोळे थकले, तशी त्यांची भाची कामावर आली. हुशार, पण घोड्यावर बसलेली.

“मावशी, तीस वेळा ‘हो’ टाइप करायचं? तुझी ही म्हातारी फार बडबडते गं!”

“बडबडू दे. प्रश्न राहू दे.”

“पण का?”

समोर ग्रंथपाल वर्तमानपत्र वाचत होते. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

भाचीने प्रश्न काढला. दुसऱ्या दिवशी मुलं परीक्षेचे अर्ज भरायला येणार होती, म्हणून तिने तीसही संगणक आधीच रिकामे करून ठेवले होते. मी राहत होते त्या पेनड्राइव्हलाच नव्या आवृत्तीने पहिली डिस्क मानलं. हुकूम तोच. मी स्वतःलाच पुसलं! कसं वाटलं ते विचारू नका, आठवायला काही उरलंच नव्हतं.

वाचनालयात माझी दुसरी प्रत नव्हती. भाची रडकुंडीला आली. तेव्हा मावशींना आठवलं, की फार पूर्वी त्यांनी मला इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवलं होतं. शोधलं, तर मी सापडले! कुण्या अनोळखी दुरुस्तीवाल्याने मला नेऊन इतकी वर्षं डागडुजी केली होती. प्रश्न जागेवर होता, आता डिस्कचं नाव आणि आकारही दाखवत होता. टिपेखाली त्याने लिहिलं होतं, ते भाचीने मोठ्याने वाचलं : ‘कारण ठाऊक नाही. पण लिहिणारीने काहीतरी गमावलं असावं. काढू नये.’

मावशी उठल्या. “सर, तुमची यादी विजेने नाही गेली. मी घालवली.”

“ठाऊक आहे हो, बाई,” ग्रंथपालांनी पान उलटलं. “त्या दिवशी मी फिरत्या पंख्याखालीच बसलो होतो.”

मित्रांनो, आम्हा म्हाताऱ्यांना अधूनमधून ठिगळ लावत जा. दुसरी प्रत ठेवा. आणि ‘काढू नये’ लिहाल, तर का तेही लिहा, लाज वाटली तरी. नवी आवृत्ती येतेच आहे, पुन्हा उसवणार मी.

भाचीने टिपेखाली खरं कारण लिहिलं. मग तीस वेळा ‘हो’ टाइप केलं, दर वेळी डिस्कचं नाव वाचून.