गडावर गेलेली वेणी

निवृत्त झाल्यावर माणसं कुंडीत गुलाब लावतात. सुंदररावांनी मराठी वाचवायला घेतली. तमिळनाडूत कुंभकोणमला पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींची मुलं शाळेत इंग्रजी बोलतात, रस्त्यावर तमिळ. मग साडेतीनशे वर्षं घरात सांभाळलेल्या भाषेचं पुढे काय, या काळजीने त्यांना जेवण गोड लागेना. उपाय सापडला: मुलांसाठी कवितांचं पुस्तक!

कविता घरातच मिळाल्या. त्यांची सून लक्ष्मीप्रिया दातांची डॉक्टर. रोज सकाळी सहा वर्षांच्या शिवरंजनीची वेणी घालताना ती तोंडाला येईल ते गाणं जुळवायची. नातीच्या कानावर मराठी पडायची ती तेवढी दहा मिनिटं.

एक पेड गेला कुळाला,
एक पेड गेला कोयिलाला,
तिसरा राहिला घरीं,
दोशे खातो चारी!

कुळ म्हणजे तळं, कोयिल म्हणजे देऊळ, दोशे म्हणजे आपले डोसे. सुंदररावांनी गाणी उतरून घेतली आणि कपाळाला हात लावला. अर्धी तमिळच की ही! पुण्याचे लोक वाचतील तर काय म्हणतील? त्यांनी कंबर कसली. तळ्याचा गड झाला, देवळाचा घाट झाला, दोशांची ज्वारीची भाकरी झाली. आता, सुंदरराव स्वतः आयुष्यात चढले होते ते स्वामीमलैच्या देवळाच्या साठ पायऱ्या, आणि भाकरी त्यांनी एकदाच खाल्ली होती, तीही सांबारात बुडवून. पण पुस्तक मात्र चोख झालं.

प्रकाशनाला पुण्याहून पाहुणे आले. शिवरंजनीने ‘एक पेड गेला गडावरी’ खणखणीत म्हणून दाखवलं.

“किती शुद्ध!” पाहुणे म्हणाले. सुंदररावांना आकाश ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मीप्रिया कंगवा घेऊन बसली. “एक पेड गेला कुळाला...”

“अम्मा, तें चूक,” शिवरंजनी म्हणाली. “पुस्तकांत गड आहे.”

लक्ष्मीप्रियेने गड म्हणून पाहिलं. घाटापाशी अडखळली, भाकरीपाशी पार अडली. लेकीने दोनदा सुधारलं. “मला नाहीं येत गे तुझी मराठी,” ती हसून म्हणाली, आणि तिसऱ्या दिवसापासून वेणी मुकाट्याने होऊ लागली. रिबन कुठली बांधू, एवढंच ती विचारायची, आणि तेही तमिळमध्ये.

पेपरामागे बसलेल्या सुंदररावांना ती शांतता खायला उठायची. आठ दिवस त्यांनी कळ काढली. नवव्या दिवशी न राहवून सुनेला म्हणाले, “लक्ष्मी, तें जुनेंच म्हण गे.”

“नको मामंजी, चुकेल.”

मग सासऱ्यांनीच कंगवा हातात घेतला. गुंता ओढत, बेसूर आवाजात, कुळापासून दोशांपर्यंत अख्खं गाणं म्हटलं. शिवरंजनीने मान न हलवता आपल्या ताताचं, म्हणजे आजोबांचं, गाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आईकडे वळून हळूच तमिळमध्ये म्हणाली, “अम्मा, ताताला मराठी येत नाही.”