नेत्रा ठीक असेल

माझ्या नवऱ्याचा मेल आमच्या घरात मला सोडून सगळ्यांना यायचा. प्रितेश मालवाहू जहाजावर, इंजिनरूममध्ये. जहाजावरच्या माणसांना आठवड्याला एकच मेल पाठवता यायचा, आणि तो यायचा थोरल्या दिरांच्या, दौलतभाऊजींच्या काल्हेरच्या गोडाऊनमध्ये. संध्याकाळी भाऊजी त्याची प्रिंट घरी आणायचे, सोफ्यावर बसायचे आणि ट्रकवाल्यांवर ओरडून ओरडून फाटलेल्या आवाजात मोठ्याने वाचायचे. सासूबाई दिवाबत्ती उरकून समोर बसायच्या. शेजारच्या ठकुबाई न बोलावता यायच्या, आणि मेल आला नाही की आमच्याआधी त्यांचं तोंड उतरायचं.

मेल म्हणजे इंग्रजी अक्षरांतलं मराठी. 'तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. मी इकडे मजेत आहे. आईने गुडघ्यांचं औषध चुकवू नये. दादा, नव्या गाळ्यांचं काम कुठवर आलं? बाळ रांगायला लागलं का?' आणि सगळ्यात शेवटी, 'नेत्रा ठीक असेल.'

नेत्रा म्हणजे मी. असेल! साधं प्रश्नचिन्हसुद्धा नाही. भाऊजी कागदाची घडी घालायचे आणि मी चहा टाकायला उठायचे. त्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजायची. ज्या बाळाला त्याने अजून डोळ्यांनी बघितलं नव्हतं त्याची चौकशी, भाऊजींच्या गाळ्यांची चौकशी, आणि मी आपली ठीक असेन. विचारायला काय जात होतं ह्याचं?

आधी असं नव्हतं. तो जहाजावर गेला तेव्हा माझं फुकटातलं मेलचं खातं होतं. भाजीच्या निमित्ताने रिक्षा करून भिवंडीला जायचे, निजामपुऱ्यातल्या सायबर कॅफेत बसायचे आणि त्याचं पत्र एकटीने वाचायचे. मागून कोणी डोकावलं की पदर पुढे घेऊन स्क्रीन झाकायचे. मग बाळंतपणाला माहेरी, गणेशपुरीला गेले. सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, मग बाळ आजारी, मग आई सोडेना. परत येऊन बघते तर खातं बंद. बरेच दिवस उघडलं नाही म्हणून खातं देणाऱ्या कंपनीवाल्यांनी सगळं झाडून पुसून टाकलं होतं. प्रितेशने पाठवलेली पत्रं परत जायला लागली, तेव्हा त्याने भाऊजींच्या ऑफिसचा पत्ता धरला. आधीच्या पत्रांतली एकच ओळ मला पाठ राहिली होती. 'तुझ्या केसांचा वास विसरत चाललोय, काय करू?'

दुसरं खातं उघडता आलं असतं. नाही उघडलं. मला भयंकर चीड आली होती. बाळंतीण बाई घराबाहेर पडत नाही एवढंही ज्यांना कळत नाही, त्यांच्या दारात मी परत कशाला जाऊ? या घरात माझ्या खोलीलाही आतून कडी नव्हती. दार फुगलं म्हणून काढलेली कडी परत कोणी बसवलीच नाही. निदान नवऱ्याचं पत्र तरी माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर यावं, तिथे दुसऱ्या कोणाचा झाडू फिरू नये, असं माझ्या डोक्याने घेतलं.

लग्नाआधी मी नेटवर्किंगचा कोर्स केला होता. सासरी त्याचा उपयोग टीव्हीच्या केबलपुरता उरला होता. भाऊजींनी धंद्यासाठी घरात ब्रॉडबँड घेतलं आणि ऑफिसचा जुना कॉम्प्युटर जिन्याखाली आणून टाकला. मासिकासोबत आलेली लिनक्सची सीडी माझ्याकडे होतीच. रोज दुपारी बाळ झोपलं की मी जिन्याखाली.

मेल सर्व्हर म्हणजे काही मोठं यंत्र नाही. आपला कॉम्प्युटर टपाल घ्यायला रात्रंदिवस दारात बसवायचा, ओळखीच्या नावाचं पत्र ठेवून घ्यायचं, बाकीचं परत करायचं. पण दारात बसवणं भिवंडी तालुक्यात सोपं नाही. लाइट गेली की इंटरनेटवरचा आमचा नंबर बदलायचा, म्हणजे घर उठून दुसऱ्या गल्लीत जायचं. नवा नंबर सगळ्यांना आपोआप कळवणारी एक सेवा सापडली. तीही फुकटचीच. नाक मुरडलं आणि घेतली. इन्व्हर्टरवर पंखा चालणार की माझी कॉम्प्युटरची पेटी, यावरून भाऊजींशी वाजलं. बाळाला मी पदराने वारा घातला आणि पेटी चालू ठेवली.

तपासण्यासाठी भाऊजींना ऑफिसातून काहीतरी पाठवायला सांगितलं. त्यांनी पाठवलं, 'संध्याकाळी बोंबील आणू का?' काळ्या स्क्रीनवर ती ओळ उमटली आणि मी तोंडावर हात धरून हसले. बोंबील का होईना, माझ्या दारात पत्र आलं होतं.

आता प्रितेशला पत्ता कळवायचा होता. त्याचा फोन यायचा बंदराला लागल्यावर, हॉलमध्ये, सगळ्यांदेखत. फोन आला. मी एकेक अक्षर सांगून पत्ता लिहून घ्यायला लावला. 'हा फक्त मी वाचते,' एवढंच वाक्य घशात होतं, पण समोर सासूबाई, भाऊजी, आणि ठकुबाई कान टवकारून.

"अहो, ह्याच्यावर लिहा आता," मी म्हटलं.

"बरं. उद्या निघायच्या आधी टाकतो," तो म्हणाला. तेवढ्यात भाऊजींनी फोन घेतला. "पऱ्या, आता घरातच मेल चालू केलाय, गोडाऊनवर पाठवू नको हां. सगळे मिळून वाचू!"

दुसऱ्या दिवशी दसरा होता. आमच्यात दसऱ्याला यंत्राला विसावा. ट्रक, वजनकाटा, शिलाई मशीन, विळा, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू, आणि दिवसभर हात लावायचा नाही. मी आंघोळ करून येते तर जिन्याखाली माझी पेटी बंद. मॉनिटरला झेंडूचा हार, डब्यावर हळदीची पाच बोटं.

"आई, हा बंद नाही करायचा!"

"का गो? रातंदिस राबतंय बिचारं. एक दिस निजू दे."

"ह्यांचा मेल येणारे आज."

"उद्या येल. दसऱ्याचं मशिनाला हात लावायचा न्हाय."

मी तोंड उघडलं होतं. पण त्यांनी ती हळद कशी लावली होती ते दिसत होतं, अगदी हळू, पोराच्या अंगाला लावावी तशी. त्यांच्या हिशोबी त्यांचा मुलगा त्या पेटीतून बोलणार होता. मी स्वयंपाकघरात गेले आणि दिवसभर स्वतःचाच जीव खात राहिले. सोनं वाटलं, पुरणपोळ्या लाटल्या, आणि डोक्यात एकच, की तो पत्र टाकतोय आणि माझं दार पुन्हा बंद आहे. एकदा झालं ते झालं. आता परत गेलं तर तो म्हणेल, हिला माझी पत्रं नकोतच.

सकाळी उठल्या उठल्या हार बाजूला केला आणि बटण दाबलं. चहा गाळेपर्यंत पत्र आलं. समोरचा सर्व्हर आदल्या दिवसापासून येऊन येऊन दार वाजवत होता. मेल एका हाकेत परत जात नाही हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण काल मला त्याचा काडीचा आधार वाटला नव्हता. मी खाली फरशीवरच बसले आणि उघडलं.

'तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. दसऱ्याच्या शुभेच्छा. आईने गुडघ्यांना जपावे. दादा, गाळ्यांचं छत झालं का? बाळाला दात आले का? नेत्रा ठीक असेल.'

मी रडले. रागाने रडले. एवढी सगळी खटपट केली ती ह्या ओळीसाठी? मग भाऊजींचं 'सगळे मिळून वाचू' आठवलं, आणि स्वतःच्या मुक्या तोंडाचाही राग आला. तिथल्या तिथे लिहायला बसले. 'इथे भाऊजी वाचत नाहीत. हा कॉम्प्युटर मी मांडलाय. जिन्याखाली मी एकटी आहे. तू मला लिही. मी ठीक नाहीये.' हॉलमध्ये 'अहो', पण एकटी असले की तो मला 'तू' होता.

पाठवलं, तर पत्र उलट माझ्याच अंगावर. घरगुती लाइनवरून थेट आलेलं पत्र घेत नाही, असं समोरच्या सर्व्हरने कळवलं. म्हणजे घरातल्या बाईने दारात बसून पत्रं घ्यावीत, पाठवायची मात्र नाहीत! कंबर कसून परत बसले. इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरच्या हाती पत्र द्यायचं आणि त्याने पुढे न्यायचं, अशी व्यवस्था लावली, तेव्हा कुठे ते गेलं. त्या संध्याकाळी दसऱ्याचा मेल हॉलमध्ये मीच वाचून दाखवला, शेवटच्या ओळीसकट.

मग आठवडाभर मी वाट बघितली. वाट बघणं मला नवं नव्हतं, पण ही वेगळी होती. भात करपला, बाळाची दुपटी दोरीवरच भिजली. पेटीतला पंखा घरघरायचा आणि मला वाटायचं, आत्ता येईल. रात्री उशीवर डोकं टेकलं की मी माझेच केस हुंगून बघायचे, की त्यांना खरंच काही वास आहे का.

उत्तर आलं. वर नेहमीसारखं आईस नमस्कार. खाली बरीच जागा मोकळी सोडलेली, आणि त्याखाली लिहिलं होतं:

'वरचं हॉलमध्ये वाच. हे तुझं. नेत्रा, मला वाटलं दादाच वाचणार. सगळ्या मेलमध्ये ती शेवटची ओळ लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आधी तुला खूप लिहितो. मग दादाचा आवाज ऐकू येतो, ठकुबाई समोर बसलेल्या दिसतात. एकेक वाक्य खोडत जातो आणि ठीक असेल एवढंच उरतं. आज खोडत नाही.'

त्यापुढचं मी कोणाला सांगणार नाही. त्याच्यासाठीच तर एवढा खटाटोप केला. ते मी इतक्यांदा वाचलं की बाळ उठून रडून परत झोपलं तरी मला पत्ता नव्हता. सुख झालं, पण सुखाने तो जवळ येत नाही. आधी तो लांब आहे असं वाटायचं. आता तो इथे नाही असं वाटायला लागलं, आणि ते जास्त दुखत होतं.

संध्याकाळी वरचा भाग एका कागदावर उतरवून मी हॉलमध्ये गेले. भाऊजी, सासूबाई, ठकुबाई, सगळे जागच्या जागी. नमस्कार वाचला, गुडघे वाचले, गाळे वाचले. मग शेवटची ओळ आली. ती त्याने कशी लिहिली असेल ते आता मला माहीत होतं. 'नेत्रा...' म्हटलं आणि पुढे आवाजच फुटेना.

"वाच की," ठकुबाई म्हणाल्या.

"नेत्रा ठीक असेल," मी कसंबसं वाचलं.

"ठीक न्हाय ती," सासूबाई म्हणाल्या.

भाऊजींनी पेपर खाली घेतला. मी खाली मान घातली.

"रोज त्या पेटीपाशी बसून डोळे पुसते, मला काय दिसत न्हाय? घरात कोन बोलत न्हाय, म्हनून मीबी न्हाय बोलली." त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. "चल. लिव त्याला. नेत्रा ठीक न्हाय. ही फेरी संपली का घरी ये, पोरगं बापाचं तोंड मागतंय. आईनं सांगलंय म्हनून लिव."

मी जिन्याखाली गेले. त्या माझ्या मागोमाग आल्या आणि धापा टाकत खालच्या पायरीवर बसल्या. दसऱ्याची हळद अजून पेटीवर तशीच होती. मी कीबोर्ड ओढला आणि सवयीने 'आई सांगतात की' असं सुरू केलं.

"काय लिवलंस?"

मी वाचून दाखवलं.

"ते खोड," सासूबाई म्हणाल्या. "आधी तुझं लिव. माझं मागून."