वादात चालते

कृष्णराव देव मानत नव्हते आणि गोदावरीबाई मानत होत्या. या एका गोष्टीवर दोघांचा अडतीस वर्षं संसार झाला. सकाळी ती तुळशीला पाणी घालून आली की हे म्हणत, "भिजली का तुही देवी?" ती म्हणे, "तुमाले कायले जळते?" तिथून जे सुरू होई ते चहा संपेपर्यंत. मागच्या भादव्यात गोदावरीबाई गेल्या. देव्हारा राहिला, चहा राहिला, वाद गेला.

मोहाडीच्या राईस मिलमध्ये पस्तीस वर्षं मशीन चालवलेल्या माणसाला शांततेची सवय नसते. मुलगी रुपा तुमसरला दिलेली. तिनं बापाला मोबाईल घेऊन दिला आणि गावातल्या कैलाशनं त्यांना एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये टाकलं. ग्रुपचं नाव 'देव आहे की नाही'. तालुक्यातले दोनशे लोक. नास्तिकांचा पुढारी कैलाश. समोरून वरठीचा धर्मेंद्र, मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला तिशीतला पोरगा. हा धर्मेंद्र कधी हरत नसे.

तो का हरत नसे, हे कृष्णरावांना महिनाभरात कळलं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं की तो म्हणे, हा माझा प्रश्नच नव्हता. लिहिलेल्या चार वाक्यांतलं तो एक उचले, तेही अर्धं. कृष्णरावांनी लिहिलं होतं, "देव असता तर मला आवडलं असतं, पण दिसत नाही." त्यानं पुढं पाठवलं, "देव असता तर मला आवडलं असतं, इति कृष्णराव काका." खाली चाळीस हसणारी तोंडं. दुपारी जेवून डुलकी घेतली तर उठेपर्यंत तीनदा येऊन गेलेलं असे, "काकांजवळ उत्तर नाही." कैलाशही काही कमी नव्हता. एखाद्या सरळ माणसानं सरळ विचारलं की तो त्याच्या बारावीच्या मार्कांवर घसरे. तरी कृष्णराव रोज लिहीत. वाद कसाही असो, समोर कोणीतरी होतं.

अखजी दोन दिवसांवर आली. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आपल्याकडे गेलेल्या माणसांना घास टाकतात. गोवरीचा विस्तव करायचा, त्यावर तूप आणि ताटातलं सगळं थोडं थोडं सोडायचं. गोदावरीबाईंची ही पहिलीच अखजी. दवाखान्यातून घरी आणल्यावर शेवटच्या आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, "मंतर नोका म्हनू. देव बी नोका मानू. पन अखजीले मले घास तुमच्या हातानं टाकजा." आणि कृष्णराव हो म्हणाले होते.

हे ग्रुपवर कोणाला माहीत नव्हतं. पण धर्मेंद्रनं नेम धरून लिहिलं, "परवा अखजी. काकांनी काकूला घास टाकला तर त्यांनी देव मानला. नाही टाकला तर काकूलाच मानलं नाही. बोला काका."

कुठूनही गेलं तरी खड्डाच. कृष्णराव अजून त्याच्याकडे पाहत होते तोच कैलाशचा फोन आला.

"काका, घास टाकू नका बरं. टाकला तं आपली बाजू गेली."

"अन् टाकला तं मी कोन?"

"मंग तुमी खरे नास्तिक नाही."

एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोघं एकाच पायलीनं मोजून राहिले होते. कृष्णरावांना हसू आलं. मग भीती वाटली. घास टाकला तर इकडचेही हसणार आणि तिकडचेही. मग उद्यापासून कोणाशी बोलायचं? नाही टाकला तर तिला दिलेला शब्द गेला. त्यांनी लिहिलं, "आमच्या घरी अखजी होत नाही," आणि पाठवून दिलं. सत्तावन्न अंगठे आले. कैलाशनं लिहिलं, "याला म्हणतात बाणा."

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं रुपा आली. पिशवीत कुरडया, चिंच, गूळ. पिशवी खाली ठेवायच्या आधीच ती म्हणाली, "बाबा, तुमच्या जावयानं मले मोबाईल दाखवला. आपल्या घरी अखजी होत नाही म्हने. मंग हे सामान मी कोनासाठी आनलं?"

"होईन ना. दार लावून करू. कोनाले दिसते?"

"अन् लिहिलं ते?"

"वादात चालते, रुपा. सगळेच करतात."

रुपा चिंच भिजत घालायला बसली. "आईसंगं चालवलं होतं का कधी?"

आईसंगं ते चाललंच नसतं. गोदावरीबाईंची एक रीत होती. हे खोडून काढायला निघाले की ती म्हणे, "आधी माहं म्हननं सांगा, मंग तुमचं." चुकीचं सांगितलं तर चहाचा कप तिच्याच हातात राही. देवाची बाजू नीट मांडल्याशिवाय या नास्तिकाला अडतीस वर्षं चहा मिळाला नव्हता.

ते मोबाईल घेऊन अंगणात गेले आणि एका बोटानं तासभर लिहीत बसले. "काल मी खोटं लिहिलं. माझी बायको जाताना म्हणाली, घास टाका. मी हो म्हणालो. ती आता ऐकते असं मला वाटत नाही. पण हो म्हणालो तेव्हा ती ऐकत होती. उद्या अकरा वाजता टाकणार आहे. ज्यांना पाहायचं आहे त्यांनी यावं आणि जेवून जावं."

कैलाशनं लिहिलं, "वाईट वाटलं." धर्मेंद्रनं लिहिलं, "येतो."

आणि तो खरंच आला. मोटारसायकल, तोंडाला दुपट्टा, हातात मोबाईल.

"काका, व्हिडिओ काढून राहिलो. चालते ना?"

"चालते. पायातले काढ पन. पोरीनं आत्ताच सारवलं."

कृष्णरावांनी हे काम कधी केलं नव्हतं. आधी तूप, मग पोळी, असं रुपानं सांगितलं आणि ती ताटं आणायला आत गेली. तूप पडताच विस्तवानं पेट घेतला. त्यांनी पुरणपोळीचा तुकडा सोडला, कुरडई सोडली, थोडी कढी, थोडी चिंचवणी. सोडताना त्यांचे ओठ हलत होते. मग हात जमिनीला टेकून ते उठले.

"झालं काका," धर्मेंद्र म्हणाला. "मानलं तुमी."

"काय मानलं?"

"देव, आत्मा, सगळंच."

"बस. पोरगी वाढून राहिली. पन मी काय म्हन्तो ते आधी तू सांग. बरोबर सांगितलं का कढी भेटन."

"हा कोनता नियम?"

"या घरचा," रुपा ताट ठेवत म्हणाली.

धर्मेंद्र मांडी घालून बसला. "तुमी म्हन्ता, लोकाईच्या भेवानं टाकला."

"चुकलं," रुपा म्हणाली.

"देव नाही, पन चुकूनमाकून असलाच तं असो, म्हनून टाकला."

"हे बी चुकलं. कढी थंडी होऊन राहिली, भाऊ."

धर्मेंद्र हसला. त्यानं मोबाईल तसाच चालू तांब्याला टेकवून ठेवला. इथं अंगठे देणारं कोणी नव्हतं आणि घाईही नव्हती. पोळी मोडता मोडता तो थांबला. "तुमी म्हन्ता, काकू आता ऐकत नाही. पन तुमी तिले हो म्हनलं होतं. ती गेली म्हनून ते हो म्हननं काही जात नाही."

कृष्णरावांनी स्वतः कढी वाढली. त्यांना स्वतःला इतकं नीट लिहिता आलं नव्हतं.

"आता तुहं मी सांगतो," ते म्हणाले. "पिढ्यानपिढ्या लोक घास टाकत आले. ते काही मूर्ख नव्हते."

"चुकलं, काका."

रुपा तोंडाला पदर लावून हसली. "मंग काय?" कृष्णराव म्हणाले.

धर्मेंद्र ताटाकडे पाहत बोलला. "मी नववीत होतो तवा बाप गेला. माय दर अखजीले म्हने, टाक रे, वाट पाहत असन. आता मी नाही टाकला, अन् तो खरंच वाट पाहत असन तं?"

"हे ग्रुपवर कधी काहून नाही लिहिलं?"

"असं लिहिलं तं लोक खातील ना, काका."

मग दोघं जेवले आणि भांडले. कृष्णराव म्हणाले, वाट पाहणारा तुझ्या मनात आहे, विस्तवात नाही. धर्मेंद्र म्हणाला, मग मनात आहे तो नाहीच असं कसं म्हणता? आवाज इतके चढले की शेजारच्या सीताबाई कुंपणाशी येऊन पाहून गेल्या. दोनदा धर्मेंद्र अडकला. एकदा कृष्णराव अडकले आणि त्यांनी तसं कबूल केलं. रुपानं तिसऱ्यांदा भात वाढला.

हात धुताना धर्मेंद्रनं हळू आवाजात विचारलं, "काका, एक खरं विचारू? काकू ऐकत नाही म्हन्ता. तं घास टाकताना काय बोलून राहिले होते? कढीत मीठ कमी पडलं, असं काहीतरी."

"रुपाले म्हनलं असन."

"रुपाताई आत होती जी."

कृष्णराव ग्रुपवर असते तर काहीतरी लिहून मोकळे झाले असते. "सवय आहे, तोंडातून निघालं," किंवा "तुझं ऐकण्यात चुकलं." त्यांनी विस्तवाकडे पाहिलं. वर राख धरली होती, आत अजून लाल होतं.

"मालूम नाही बावा," ते म्हणाले. "खरंच मालूम नाही."

धर्मेंद्रनं मान हलवली. गाडीवर बसल्यावर त्यानं विचारलं, "व्हिडिओ टाकू का?"

"टाक. पन सगळा टाक, कापून नोको."

"सव्वा तासाचा हाय. कोनी पाहत नाही एवढा."

"मंग राहू दे. पुढच्या आयतवारी ये. तवर मले काही सुचते का पाहतो."

गाडी गेली. कृष्णराव अनवाणीच अंगणात उभे राहून, घास टाकताना आपण कोणाशी बोललो, याचा विचार करत राहिले. तळपाय पोळायला लागले तेव्हा सावलीत आले, आणि तिथं उभे राहून पुन्हा तोच विचार करू लागले.